काट्यावरची होडी

शिरोलीजवळच्या एका वजनकाट्यावर मी बोट घेऊन रांगेत उभा होतो. पुढे भंगाराचा टेम्पो, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. नंबर आला तसं काट्यावरच्या पोरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मालाचं नाव काय लिहू?"

"होडी."

"होडी?" त्यानं एकदा बोटीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "पुराची तयारी व्हय काका?"

हा विनोद तोवर मी शंभरेक वेळा ऐकला होता. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावात शेडमध्ये होडी बांधायला काढली की दुसरं काय ऐकायला मिळणार? त्यानं पावतीवर 'इतर' असं लिहिलं आणि आकडा दाखवला. ट्रॉलीसकट ८६० किलो. रिकामी ट्रॉली आदल्या आठवड्यात इथंच मोजली होती, २९० भरली होती. म्हणजे बोट ५७०. माझ्या वहीत, लाल पेनानं चौकट करून, बोटीचं वजन लिहिलं होतं ४८०.

नव्वद किलो कुठून आले ते मला काट्यावरून शेडपर्यंत येईस्तोवर समजलं नाही. काट्यात खोट असेल असंही वाटून गेलं. आपल्याकडं काटा म्हटलं की पहिला संशय तोच. पण ऊसवाल्याचा काटा मारला तर वजन कमी दाखवतात, जास्त नव्हे.

माझा धंदा पॅटर्नचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीला ओतकामासाठी जो लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा नमुना लागतो तो आम्ही करतो. पंपाची केसिंग, ब्रेकड्रम, ट्रॅक्टरचे भाग. तीस वर्षं वाकड्या पृष्ठभागांशीच संसार केलाय. त्यामुळं बोटीचं डिझाईन करायचं डोक्यात आलं तेव्हा 'आकार म्हणजे आकार, त्यात काय एवढं' असा माज होता. शिडाच्या होडीत पहिल्यांदा बसलो ते मुंबईला, भाच्याबरोबर, पस्तिशी उलटल्यावर. इंजिन नाही, आवाज नाही, आणि तरी होडी वाऱ्याला तिरकं कापत पुढं जाते, हे बघून मी त्या रात्री नीट झोपलो नाही. वारा मागून ढकलतो हे कुणालाही कळेल, पण समोरून येणाऱ्या वाऱ्यावर पुढं जायचं?

कोल्हापूरला समुद्र नाही. १८१२ पर्यंत मालवण कोल्हापूरकरांकडं होतं, ते इंग्रजांनी तहात घेतलं, हा राग मी अजून धरून आहे. आता समुद्र गाठायचा तर घाट उतरूनच. म्हणून बोट अशी हवी होती की ती घराजवळ राहील, ट्रॉलीवर बसून घाट उतरेल, पाण्यात घातली की पळेल, आणि रात्री दोघांना झोपता येईल. याला रेसर-क्रूझर म्हणतात. नावातच भांडण आहे. रेसरला वजन नको असतं, क्रूझरला गादी, शेगडी, पाण्याचे कॅन हवे असतात. वर ट्रॉलीचा तिसरा हट्ट, की सगळं रस्त्यात मावलं पाहिजे.

मी अभ्यासाला घेतलेली पहिली बोट म्हणजे जे/२४. रॉड जॉनस्टन नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकात घराच्या गॅरेजमध्ये एक चोवीस फुटी बोट बांधली, आणि तिच्यावरून पुढं पाच हजारांहून जास्त बोटी निघाल्या. गॅरेजमध्ये! हे वाचून हुरूप आला. पण तिचं वजन चौदाशे किलो आणि कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, पक्कं बसवलेलं. पाण्यात सव्वा मीटर खोल जातं. अशी बोट पाण्यात सोडायला क्रेन लागते. कोकणातल्या खाडीकाठी मी क्रेन कुठून आणू? तिथली कोळी माणसं होडी काढतात ती ओंडक्यांवरून आणि माणसांच्या बळावर. म्हणजे पातं वर-खाली होणारं हवं आणि एकूण वजन त्याच्या निम्म्याहून कमी हवं.

तेव्हा माझी पहिली मापं पाण्याची नव्हतीच. शेडचं शटर आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. गाडीच्या रुंदीची कायदेशीर मर्यादा २.६ मीटर. करूळ घाटातली वळणं. या तिघांत शटर सगळ्यात हट्टी निघालं. बोटीची रुंदी ठरली २.२ मीटर. लांबी ठरवली प्लायवूडनं. आठ बाय चारची अडीच शीटं उतरत्या जोडानं सांधली की सहा मीटरच्या आत एक फळी मिळते. त्यातून बोट निघाली ५.८ मीटर, पाण्याच्या रेषेवर ५.४.

पाण्याच्या रेषेवरची ही लांबी महत्त्वाची, कारण बोट चालताना स्वतःच लाट उठवते आणि त्याच लाटेच्या खळग्यात अडकते. वेगाचा ठोकताळा असा: रेषेची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये. माझ्या बोटीचं आलं साडेपाचच्या थोडं वर, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. रंकाळ्यावर सकाळी पळणारी पोरं याहून जोरात पळतात, असं मुलगी म्हणाली. तिला मी समजावलं की हलकी आणि मागं रुंद, सपाट बोट असली की जोराच्या वाऱ्यात ती लाटेवर चढून ही मर्यादा ओलांडते. "तुम्ही ओलांडणार?" असं तिनं विचारल्यावर मी विषय बदलला.

दुसरा आकडा शिडाचा. शिडाचं क्षेत्रफळ भागिले बोटीनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफळाचा दोन-तृतीयांश घात. ऐकायला भयंकर, पण अर्थ साधा: किती वजनाला किती इंजिन. वीसच्या वर गेलं की बोट चपळ. तीन माणसं आणि सामान धरून ७२० किलो आणि शीड १८ चौरस मीटर घेतलं तर माझं उत्तर २२.८ आलं. फार खूश झालो. शिडं मात्र मी डिझाईन केलेलीच नाहीत. मुंबईत एका बोटीची जुनी शिडं स्वस्तात मिळाली आणि डोलकाठीची उंची त्यांच्यावरून ठरवली. पुस्तकात क्रम उलटा असतो.

मग कील. इथं माझं घरचं मैदान. तळाशी जड गोळा, ज्याला बल्ब म्हणतात, तो शिशाचा करतात, कारण शिसं लोखंडाच्या दीडपटीहून जास्त जड. १२० किलोचा बल्ब शिशाचा केला तर साडेदहा लिटरचा होतो, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, केला तर जवळजवळ सतरा लिटरचा. मोठा बल्ब म्हणजे पाण्याला जास्त विरोध. पण शिसं वितळवायचं म्हणजे विषारी धूर, आणि जुन्या बॅटऱ्यांचं शिसं तर त्याहून वाईट. ते मी माझ्या पोरांकडून करून घेणार नव्हतो. आणि बिडाच्या गावात राहून शिसं विकत आणायचं हे मनालाही पटेना. फाउंड्रीवाल्या मित्राला सांगितलं, "एक टॉर्पेडो ओतायचाय." तो म्हणाला, "कुणावर सोडणार?"

पॅटर्न दोन भागांत केला, सागवानाचा, ८५ सेंटिमीटर लांब, १९ जाड. बीड थंड होताना मीटरमागं दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून तेवढा वाढवून. तीस वर्षांत इतक्या प्रेमानं मी एकही पॅटर्न घासला नव्हता. पहिलं ओतकाम फुकट गेलं. नाकापाशी मोठा ब्लोहोल, मूठ जाईल एवढा. मित्र म्हणाला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वापर, पाण्याखाली कोण बघतंय. मी परत ओतायला लावलं. दुसरा ११८ किलोचा निघाला. पातं दहा मिलिमीटरच्या पोलादी पट्टीचं, त्यावर दोन्ही बाजूंनी लाकडाचे गाल चढवून विमानाच्या पंखासारखा छेद दिला. पट्टी ४७ किलो. पातं खाली सोडलं की बोटीला लागतं १.३५ मीटर पाणी, वर ओढलं की गुडघ्याएवढं.

बांधायच्या आधी आठास एक मापाचं मॉडेल केलं. लांबी आठपट कमी तर वजन आठाच्या घनानं, म्हणजे ५१२ पट कमी. ७२० किलोची बोट झाली १४०० ग्रॅमची. पन्हाळ्याच्या वाटेवर एका पाहुण्याचं शेततळं आहे, तिथं रविवारी गेलो. वारा बेताचाच होता, झाडाची पानं हलवणारा. मॉडेल पाण्यात ठेवलं, शीड भरलं आणि ते सरळ आडवं झालं. सरळ केलं, पुन्हा आडवं. पाहुणे बांधावर बसून शेंगा खात होते. म्हणाले, "दाजी, मोठी करशीला तवा आमाला बसवू नगा."

घरी येऊन मी बल्ब दीडपट करायला निघालो होतो. दोन रात्री नवी ड्रॉइंग काढली. मग एका जुन्या पुस्तकात कारण सापडलं. शीड बोटीला आडवी पाडतं ते बळ मापाच्या घनानं वाढतं, पण बोट स्वतःला उभी करते ते बळ मापाच्या चौथ्या घातानं. म्हणजे मॉडेल नेहमीच मूळ बोटीपेक्षा डळमळीत. आठास एक मापाला ताशी दहा किलोमीटरचा वारा म्हणजे खऱ्या बोटीला आठाच्या वर्गमूळानं जास्त, अठ्ठावीस किलोमीटरचा. त्या वाऱ्यात पूर्ण शीड लावून, माणसं न बसवता कोण जाणार? मॉडेल बरोबर होतं, मी तळ्यावर वादळ सोडलं होतं. बल्ब वाचला. वेळेत समजलं नसतं तर आणखी साठ किलो बीड उगाच ओझ्याला आलं असतं.

बांधणीची पद्धत शिवून चिकटवायची. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात मिरर नावाची छोटी होडी अशीच निघाली आणि घरोघरी लोकांनी बांधली. प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवायच्या, आतून इपॉक्सी आणि काचेचं कापड लावून सांधा पक्का करायचा. आमचे सुतारमामा पहिल्या दिवशी तारा बघून म्हणाले, "ह्ये चप्पल शिवल्यागत काय चाललंय?" तिसऱ्या दिवशी तळ आणि दोन्ही बाजू शिवून उभ्या राहिल्या आणि सपाट फळ्यांतून अचानक होडीचा आकार आला, तेव्हा मामा चहा हातात घेऊन तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. काही बोलले नाहीत. नंतर मात्र ते माझ्याआधी शेडवर यायचे.

केबिनवर घरात चर्चा झाली, म्हणजे बायको बोलली आणि मी ऐकलं. पात्याची पेटी नेमकी केबिनच्या मध्यभागी येते, जणू झोपायच्या खोलीत कपाट. "हे असं मधे ठेवून झोपायचं?" ते हलवता येत नाही, कारण बोटीचा तोल त्याच्यावर. तिची दुसरी अट होती की बसल्यावर डोकं आपटायला नको. बैठकीपासून नव्वद सेंटिमीटर उंची पाहिजे. मी सत्तर धरली होती. वीस सेंटिमीटर वाढवले, म्हणजे वजन वाढलं, तेही वरच्या बाजूला, जिथं ते सगळ्यात वाईट. आम्ही पंच्याऐंशीवर तडजोड केली. तिनं स्टूल आणि चहाचा कप घेऊन शेडमध्ये मापाची खात्री केली.

या सगळ्यात तो आकडा वहीत तसाच होता: ४८० किलो.

काट्यावरून परतल्यावर मी एकेक वस्तू पुन्हा मोजायला बसलो. इपॉक्सी अंदाजापेक्षा जास्त गेलं होतं, पण दहा-पंधरा किलोच. डोलकाठी १४ किलो, बरोबर. शेवटी कोपऱ्यात उभं असलेलं सहा मिलिमीटरचं कोरं शीट उचलून वजनाला लावलं. तेरा किलो. वहीत नऊ.

नऊ कुठून आलं? परदेशी पुस्तकातून. तिकडच्या बोटींना ओकूमे नावाच्या हलक्या लाकडाचं प्लाय वापरतात. आपल्याकडचं मरीन प्लाय, दुकानात ज्याला नुसतं 'सातशेदहा' म्हणतात, आयएस ७१० च्या शिक्क्याचं, ते जड लाकडाचं. पाण्याला उत्तम, पण जड. शीटमागं चार किलो, अठरा शीटं, बहात्तर किलो. तीस वर्षं बिडाचं वजन घनफळावरून तोंडी सांगणारा माणूस, आणि प्लायचं शीट एकदा उचलून बघावं हे सुचलं नाही. सुतारमामांना सांगितलं तर म्हणाले, "मी रोज उचलत हुतो की. मला इचारायचं."

नुकसान मोजलं. पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ साधारण सहा चौरस मीटर, म्हणजे दर साठ-बासष्ट किलोला बोट एक सेंटिमीटर बुडते. नव्वद किलो म्हणजे दीड सेंटिमीटर. शिडाचा तो २२.८ आकडा आला २१.१ वर. जगबुडी नव्हती. पण रुंद मागची बाजू पाण्यात टेकणार होती आणि कमी वाऱ्यात ती पाणी ओढत चालणार होती. मी मागचं एक कपाट काढलं, गादी अर्ध्या जाडीची केली, आणि बायकोला सांगितलं नाही.

नोंदणीची हकिगत थोडक्यात. एका कार्यालयात अर्जावर इंजिन क्रमांकाचा रकाना होता. इंजिन नाही म्हटलं तर रकाना रिकामा चालत नाही म्हणाले. तीन खेपा झाल्या. शेवटी छोटं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं टांगायचं, इंजिन घेतलं, खाडीत वारा पडला तर उपयोगी येतं, असं स्वतःला समजावत. अकरा किलो!

फेब्रुवारीत विजयदुर्गला निघालो. वाघोटनची खाडी खोल आणि आडोशाची, आणि मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदीही तिथंच. पहिल्या होडीला याहून चांगली जागा कुठली? मित्राची बोलेरो पुढं, मागं बोटीची ट्रॉली, आणि आम्ही बोलेरोत. कळ्याच्या अलीकडं सरळ रस्ता लागला, गाडीनं साठ गाठले आणि ट्रॉली कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागली. आरशात बोट एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मित्रानं ब्रेक न मारता फक्त पाय उचलला, त्याला माझे दंडवत. उतरून बघितलं तर ट्रॉलीचं तोंड मी एका हातानं उचलू शकत होतो, वीस किलोसुद्धा नसेल. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार गाडीच्या हुकवर यावा लागतो, नाहीतर ट्रॉली वळवळते. हे मला पाठ होतं. पण इंजिन मी बोटीच्या मागच्या टोकाला टांगून ठेवलं होतं. रस्त्याकडेला सगळं सोडून बोट एक वीत पुढं सरकवली, इंजिन गाडीत टाकलं. त्यानंतर विजयदुर्गपर्यंत हूं की चूं नाही. करूळ घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मग ओव्हरटेक करताना त्यानं काच खाली केली आणि बोट नीट बघून घेतली.

खाडीवर एका तांडेलांनी, म्हणजे मच्छीमार होडीच्या म्होरक्यांनी, मदत केली. पाण्यात उतरल्यावर पातं खाली सोडताना ते वाकून बघत होते. "पठाण वर-खाली होतो?" त्यांच्याकडं कीलला पठाण म्हणतात. "मोडला मगे?" मी पोलादाची पट्टी सांगितली. त्यांनी मान हलवली, होकार की नकार समजलं नाही.

दुपारचा खारा वारा वायव्येकडून आला, बारा-तेरा नॉट. शिडं भरली आणि बोट कलली. वीस अंशांवर जाऊन थांबली, जणू कुणी खालून धरलं. ते बीड होतं. दुसऱ्यांदा ओतलेलं. मोबाईलवर वेग ५.४ नॉट, मग एका झोतात ६.१. मी ओरडलो असेन, कारण काठावरच्या पोरांनी वळून बघितलं.

पण सुकाणू जड होतं. बोट सारखी वाऱ्यात तोंड घालायला बघत होती, आणि मी सुकाणू ओढून ओढून ती सरळ ठेवत होतो. हाताला सुकाणूचा थोडा ओढा हवाच, पण हा खांदा दुखवणारा होता. डिझाईन करताना पाण्याखालच्या भागाचा पुठ्ठा कापून टाचणीवर तोलला होता, त्याचा मध्य काढला होता, शिडाचा मध्य त्याच्या थोडा पुढं ठेवला होता.  पण जुनी शिडं झोळीसारखी फुगत होती आणि हिशेब बिघडला. संध्याकाळी पुढची तार आखडून डोलकाठी दोन बोटं पुढं झुकवली, आणि मागची बाजू पाण्यातून जरा वर यावी म्हणून इंजिनाची टाकी आणि नांगर केबिनच्या पुढच्या टोकाला नेले. दुसऱ्या दिवशी सुकाणू दोन बोटांनी धरता आलं.

दुसऱ्या रात्री बोटीतच झोपलो. ओहोटीला पात्याचं टोक चिखलात टेकलं, ते एक हात वर ओढलं आणि बोट हलली. पहाटे मतलई वारा सुटला, हलका, जमिनीचा वास घेऊन आलेला. त्यात बोट दीड नॉटनं जेमतेम सरकत होती. मागच्या फळीखाली पाणी खळखळत होतं. ते बहात्तर किलो मला ऐकू येत होते. बायको उठून बसली, डोकं आपटलं नाही, आणि तिनं विचारलं, "इथलं कपाट कुठं गेलं?"

परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच काट्यावर थांबलो. पोरगा ओळखीचा हसला. "मासं किती आणलं काका?" आकडा आला ८९०. तीस किलो जास्त. मी खाली वाकून बघितलं, आत पाणी राहिलं असेल, दोर ओले असतील. पण एवढं?

बायको गाडीतून उतरली. "दहा नारळ आहेत," ती म्हणाली. "आणि आमसुलं. आणि तुमच्या त्या तांडेलांच्या घरून दिलेलं भात. ते पुढच्या बाजूला ठेवलंय, तुम्हीच म्हणाला होता ना वजन पुढं पाहिजे."